शाळा सुटत चालली आहे, हे विद्यार्थ्याला स्वतःला वेळीच कसे ओळखता येईल?

फळा_खडू (धागाकर्ता)

बरीच वर्षे माध्यमिक वर्गांना शिकवल्यानंतर आता मी शाळेतच समुपदेशनाचे काम पाहतो. गळतीविषयी आपण मोठी माणसे पुष्कळ बोलतो. परंतु जो विद्यार्थी हळूहळू शाळेतून अंग काढून घेत आहे, त्याला स्वतःला ते कधी आणि कसे कळते, या प्रश्नाकडे फारसे कोणी वळत नाही. हा धागा त्यासाठीच काढला आहे.

शाळेच्या बाजूने पाहिले, तर धोक्याच्या खुणा आता बऱ्यापैकी ठाऊक झालेल्या आहेत. रॉबर्ट बाल्फान्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातील सहावीच्या विद्यार्थ्यांचा पुढे अनेक वर्षे मागोवा घेऊन २००७ मध्ये असे दाखवले, की अपुरी हजेरी, बिघडलेले वर्तन आणि गणित किंवा इंग्रजीत नापास होणे एवढ्या मोजक्या खुणांवरून, पुढे शालेय शिक्षण अर्धवट सोडणाऱ्यांपैकी सुमारे ६० टक्के मुले सहावीतच ओळखता येतात. शिकागोमध्ये एलेन अॅलेन्सवर्थ आणि जॉन ईस्टन यांनी २००५ मध्ये नववीच्या वर्षावर बोट ठेवले. त्या वर्षी पुरेसे विषय उत्तीर्ण होणारा विद्यार्थी शालेय शिक्षण वेळेत पूर्ण करण्याची शक्यता, त्या वर्षी मागे पडलेल्याच्या तुलनेत साडेतीन पटींहून अधिक असते, असे त्यांना आढळले. त्याच दोघांच्या २००७ च्या अहवालातील एक गोष्ट मी प्रत्येक पालकसभेत सांगतो: नववीत कोण नापास होईल, याचा अंदाज आठवीच्या चाचणीतील गुणांपेक्षा हजेरीवरून आठपट अधिक चांगला बांधता येतो. म्हणजे हुशारीपेक्षा वर्गात बसणे अधिक बोलके आहे.

हे सारे खरे असले तरी माझी अडचण दुसरीच आहे. ६० टक्के मुले ओळखता येतात याचा अर्थ ४० टक्के त्या जाळ्यात सापडत नाहीत. मिशेल जानोझ यांनी कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातील विद्यार्थ्यांचा अभ्यास करून २००० मध्ये शाळा सोडणाऱ्यांचे चार प्रकार सांगितले, आणि त्यांतला एक प्रकार चक्क शांत मुलांचा आहे. ती कोणाशी भांडत नाहीत, वर्गाबाहेर काढली जात नाहीत, शाळेबद्दल वाईट बोलतही नाहीत. आणि एके दिवशी येईनाशी होतात. अशा मुलांविषयी शिक्षकांच्या वहीत लिहिण्यासारखे काहीच नसते. त्यांच्या मनात काय घडत आहे हे पाहणारा साक्षीदार एकच, तो म्हणजे ते मूल. म्हणून मला वाटते, की खुणा ओळखण्याचे काम केवळ शिक्षकांवर सोपवून चालणार नाही. विद्यार्थ्यालाही ते शिकवावे लागेल.

माझ्या अनुभवात मुलांना स्वतःला जाणवणाऱ्या खुणा शिक्षकांच्या खुणांपेक्षा निराळ्या असतात. दांडी मारण्यापेक्षा दांडीनंतर परत येणे अवघड वाटू लागते. एखाद्या विषयात काय समजले नाही, हे सांगता येण्याची स्थितीही मागे पडते, कारण नेमके कुठून समजेनासे झाले तेच आठवत नाही. पुढच्या वर्षाविषयी मित्र बोलू लागले, की आपण त्या बोलण्यात नाही असे वाटते. ‘आपण आज गेलो नाही तर कोणाच्या लक्षात येईल?’ या प्रश्नाचे उत्तर ‘कोणाच्याच नाही’ असे येऊ लागते. यांपैकी एकही गोष्ट हजेरीपटावर उमटत नाही.

जाणकारांनी सांगावे: मुलांना घाबरवल्याशिवाय, त्यांच्यावर शिक्का न मारता, हे ओळखायला कसे शिकवावे?


आकडेमोड

धागा महत्त्वाचा आहे. मी शाळांच्या नोंदींचे विश्लेषण करण्याचे काम करतो, त्यामुळे हिशेबापासूनच सुरुवात करतो.

शाळेच्या एकूण दिवसांपैकी १० टक्के किंवा त्याहून अधिक दिवस गैरहजर राहणे, ही चिंताजनक गैरहजेरीची मर्यादा अनेक ठिकाणी मानली जाते. वर्षात शाळेचे २०० दिवस धरले तर ते २० दिवस होतात, आणि दहा महिन्यांत विभागले तर महिन्याला फक्त दोन. महिन्यातून दोन दिवस न जाणाऱ्या मुलाला विचारा, तू फार दांड्या मारतोस का? तो मनापासून ‘नाही’ म्हणेल, आणि त्यात खोटेपणा नसेल. दोन-दोन दिवसांची बेरीज कोणी मनात ठेवत नाही.

हीच गोष्ट पालकांच्या बाबतीत तपासली गेली आहे. टॉड रॉजर्स आणि अॅव्ही फेलर यांनी फिलाडेल्फियात केलेला प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांची मुले बरीच गैरहजर असतात, त्या पालकांना स्वतःच्या मुलाच्या गैरहजेरीचा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी वाटत होता, आणि आपले मूल इतरांच्या मानाने नियमित आहे, असाही त्यांचा समज होता. मुलाचे एकूण किती दिवस बुडाले, एवढे साध्या पत्राने कळवत राहिल्यावर दीर्घ गैरहजेरीचे प्रमाण दहा टक्क्यांनी किंवा त्याहून अधिक घटले. पत्रात उपदेश नव्हता, धमकी नव्हती, आकडा होता. मोठ्यांची ही गत असेल तर चौदा वर्षांच्या मुलाने मनातल्या मनात बरोबर हिशेब ठेवावा, ही अपेक्षाच चुकीची आहे. म्हणून माझी पहिली सूचना अशी, की आकडा विद्यार्थ्याच्या स्वतःच्या हाताने लिहिला जावा. वर्षाचे एक पानभर कॅलेंडर प्रत्येकाच्या वहीला चिकटवावे आणि न आलेल्या दिवसावर त्यानेच खूण करावी.

अशा कॅलेंडरावर आणखी एक गोष्ट दिसते, जी बेरजेत दिसत नाही. खुणा एकाच वारावर येतात का? त्या वाराचे वेळापत्रक काढून पाहिले, की बहुधा एखादा नेमका तास सापडतो: तोंडी परीक्षा असलेला, किंवा खेळाच्या मैदानावर कपडे बदलावे लागतात तो. ‘मला शाळा आवडत नाही’ या मोठ्या वाक्याच्या जागी ‘मला गुरुवारचा चौथा तास नको असतो’ हे लहान वाक्य आले, तर त्यावर काहीतरी करता येते.


उंबरठा

वरील दोन्ही प्रतिसाद वाचले. हेतूविषयी शंका नाही, पण दिशेविषयी आहे.

ज्याला आपण ‘खूण ओळखणे’ म्हणतो, त्याचे मुलापर्यंत पोहोचेपर्यंत ‘तू त्यांच्यापैकी आहेस’ असे रूपांतर होते. विस्कॉन्सिन राज्यात अनेक वर्षे अशी एक संगणकीय यंत्रणा वापरात आहे, जी सहावी ते नववीच्या विद्यार्थ्यांपैकी कोण शाळा पूर्ण करणार नाही, याचे भाकीत शाळांना पुरवते. जवळपास दहा वर्षांच्या नोंदी तपासून २०२३ मध्ये संशोधकांनी असे मांडले, की यंत्रणेची भाकिते बऱ्यापैकी अचूक आहेत, परंतु ‘जास्त धोका’ असा शिक्का मिळाल्यामुळे शिक्षण पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण वाढल्याचा पुरावा मिळत नाही. शिवाय कृष्णवर्णीय आणि लॅटिनो विद्यार्थ्यांच्या बाबतीत ती विनाकारण इशारा देण्याची चूक अधिक वेळा करते, हेही त्याच सुमारास पत्रकारांनी उघड केले. ओळखण्याने आपोआप काही होत नाही, एवढे तरी यातून घ्यावे.

माझा दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. शाळा सोडण्याची कारणे लावताना अभ्यासकांनी एक जुनी आणि उपयोगी विभागणी केलेली आहे: काही मुलांना शाळाच बाहेर ढकलते, काहींना बाहेरची परिस्थिती ओढून नेते आणि काही दोन्हींच्या मध्ये नकळत निसटतात. फळा_खडू यांनी वर्णन केलेली मुले तिसऱ्या गटातली आहेत, आणि त्यांच्यासाठी आत्मपरीक्षणाचा उपयोग असेलही. परंतु ज्याला वारंवार वर्गाबाहेर उभे केले जाते, त्याने आपल्यातील धोक्याची खूण ओळखायची म्हणजे काय? खूण तर शिक्षकांच्या वागण्यात आहे. शाळेने करायचे काम मुलाच्या वहीला चिकटवून शाळा मोकळी होणार असेल, तर माझा या कल्पनेला विरोध आहे.


शेवटचा_बाक

या धाग्यावर एक तरी प्रतिसाद दुसऱ्या बाजूचा असावा म्हणून लिहितो. मी नववीत शाळा सोडली आणि पुढे नोकरी करत बाहेरून परीक्षा देऊन शिक्षण पूर्ण केले.

‘शाळा कधी सोडलीस?’ असे लोक विचारतात तेव्हा मला तारीख सांगता येत नाही, कारण सोडण्याचा असा दिवस नव्हता. आजारपणामुळे आठवडाभर घरी होतो. परत गेलो त्या दिवशी वर्गाच्या दारात पाऊल ठेवताच शिक्षकांनी विचारले, “अरे वा, आज आठवण झाली का आमची?” वर्ग हसला. शिक्षकांच्या मनात काही वाईट नसावे. ते पुढच्याच क्षणी फळ्याकडे वळले. मी बाकावर बसून गणिताची वही उघडली. डाव्या पानावर माझ्या अक्षरातले समीकरण अर्धे सुटलेले होते, फळ्यावर मात्र वर्ग आलेखापर्यंत पोहोचला होता. मधले काय, ते विचारायचे तर पुन्हा सगळ्यांच्या नजरा वळणार. म्हणून विचारले नाही. दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाआधी पोट दुखू लागले आणि ते खोटे नव्हते. त्यानंतर गणिताचा तास असलेले दिवस जाऊ लागले, मग उरलेलेही. प्रत्येक दिवशी मी ‘उद्यापासून जातो’ असेच म्हणत होतो. ‘शाळा सोडतो’ असे मी एकदाही म्हटले नाही, आणि घरीही ते कोणी म्हटले नाही.

उंबरठा यांचे म्हणणे मला पटते, तो प्रश्न दारात विचारला गेला नसता तर कदाचित पुढचे घडले नसते. तरीही त्या वेळी कोणीतरी एवढेच सांगायला हवे होते, की परत आल्यानंतरचा पहिला दिवस सगळ्यांनाच जड जातो आणि चौथ्या-पाचव्या दिवशी तो जडपणा उतरतो. मला वाटायचे, की हे फक्त माझेच होते आहे, कारण मी त्या जागेचा नाही. ‘तुला धोका आहे’ असे सांगितले असते तर मी मान डोलावून घरी गेलो असतो. मला धोक्याची माहिती नको होती. माझ्याबाबत जे चालले आहे ते ओळखीचे आहे, याआधी अनेकांचे असे झाले आहे आणि त्यातून परतीची वाट असते, हे कळायला हवे होते.


पालवी

शेवटचा_बाक, लिहिलेत हे फार बरे केलेत.

माझा मुलगा आठवीत आहे आणि गेले काही महिने शाळेचा विषय निघाला की तो गप्प होतो. ‘का गेला नाहीस?’ या प्रश्नाला ‘असंच’ याखेरीज उत्तर मिळत नाही. वर आकडेमोड यांनी वेळापत्रकाविषयी जे लिहिले आहे ते वाचून काल मी ‘का’ बाजूला ठेवले आणि ‘उद्याच्या दिवसातला सगळ्यात नकोसा तास कोणता?’ एवढेच विचारले. त्याने लगेच उत्तर दिले. तो तास नसून मधली सुट्टी होती. आता पुढे काय विचारावे, हे मला कळत नाही.


फळा_खडू

पालवीताई, आधी तुमच्याविषयी. मधली सुट्टी हे उत्तर आले असेल तर अभ्यासाविषयीचे प्रश्न तूर्त थांबवावेत. सुट्टीत तो कुठे असतो, कोणाबरोबर असतो, आणि पूर्वी कोणाबरोबर असे, एवढे सहज बोलता बोलता विचारावे. कोणी त्रास देत असेल तर मुले नाव सांगण्याआधी जागा सांगतात: जिना, स्वच्छतागृह, मैदानाचा एखादा कोपरा. जागा कळली की नाव न घेताही वर्गशिक्षकांशी बोलता येते, आणि चुगली केल्याचा ठपका मुलावर येत नाही. त्याशिवाय सुट्टीच्या आदल्या दिवशी बरा असलेला मुलगा शाळेच्या आदल्या रात्री डोके किंवा पोट दुखते म्हणत असेल आणि हे काही आठवडे टिकले, तर डॉक्टरांना दाखवावे आणि हा ताल त्यांना आवर्जून सांगावा. शाळेची भीती ही टाळाटाळीपेक्षा वेगळी गोष्ट आहे; तिथे कॅलेंडर पुरत नाही, उपचार लागतात.

आता उंबरठा यांच्या आक्षेपाकडे. विस्कॉन्सिनचे उदाहरण माझ्या मताच्या विरोधात जाते असे मला वाटत नाही. तिथे भाकीत केले गेले, ते शाळेला दिले गेले, आणि विद्यार्थ्याच्या दिवसात काहीही बदलले नाही. मी भाकिताविषयी बोलतच नाही. विद्यार्थ्याने ‘मी शाळा पूर्ण करीन का’ याचा अंदाज बांधावा, हे मला मुळीच नको आहे. त्याने ‘या पंधरवड्यात काय झाले’ एवढे पाहावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुलाच्या स्वभावावर जाऊन बसते, दुसऱ्याचे उत्तर एखाद्या तासावर, रस्त्यावर किंवा माणसावर जाऊन थांबते. आणि हा कागद निवडक मुलांना दिला, की त्याच क्षणी तो शिक्का होतो. तो अख्ख्या वर्गाला द्यावा, पहिल्या क्रमांकाच्या मुलीलाही.

शाळेने मोकळे होऊ नये, हे मात्र शंभर टक्के मान्य. खूण ओळखल्यावर विद्यार्थ्याने जायचे कोणाकडे, हे आधी ठरलेले नसेल तर ओळखणे हे नुसते ओझे होते. मिनेसोटा विद्यापीठात १९९० च्या सुमारास सुरू झालेल्या ‘चेक अँड कनेक्ट’ या कार्यक्रमाची रचना मला यासाठी आदर्श वाटते. त्यात एक प्रौढ मार्गदर्शक विद्यार्थ्याची हजेरी, गुण आणि वर्तन नियमितपणे त्याच्याबरोबर बसून पाहतो, आणि हे नाते किमान दोन वर्षे टिकवण्याची त्याच्यावर जबाबदारी असते. विद्यार्थ्याने शाळा बदलली तरी शक्यतो मार्गदर्शक बदलत नाही. शाळेत टिकून राहण्याच्या बाबतीत त्याचे परिणाम चांगले आढळले आहेत. तिथे आकडा आणि माणूस एकत्र येतात. आपल्याकडे आकडा कार्यालयात असतो आणि माणूस वर्गात, दोघांची गाठ वर्षअखेरीस पडते, आणि तोवर पाणी डोक्यावरून गेलेले असते.


रात्रपाळी

मी काम करत करत शिकणाऱ्यांच्या रात्रवर्गाला शिकवते, म्हणजे माझ्यासमोर येणारे बहुतेक जण एकदा शाळा सोडून परत आलेले असतात. वरच्या चर्चेत ‘ओढून नेणारी’ परिस्थिती थोडक्यात आटोपली गेली, त्याविषयी थोडे सविस्तर लिहिते.

ज्यांना कमाईसाठी किंवा घरातल्या आजारी माणसाच्या, लहान भावंडांच्या देखभालीसाठी शाळा सोडावी लागली, त्यांपैकी क्वचितच कोणी ‘मला शिकायचे नव्हते’ असे म्हणते. त्यांच्या कहाण्यांमध्ये एक शब्द वारंवार येतो: तात्पुरते. आई बरी होईपर्यंत. हे कर्ज फिटेपर्यंत. धाकटा शाळेत जाऊ लागेपर्यंत. प्रत्येकाने थोड्या दिवसांसाठी म्हणून शाळेतून पाय मागे घेतला होता, आणि त्या थोड्या दिवसांना शेवट कोणीच ठरवला नव्हता. म्हणून अशा विद्यार्थ्याने ओळखायची खूण माझ्या मते गैरहजेरीची नाही. ती अशी आहे, की तात्पुरत्या म्हणून घेतलेल्या जबाबदारीला संपण्याची तारीख आहे का? आणि ती तारीख एकदा पुढे ढकलली गेली आहे का? दुसऱ्यांदा ढकलली गेली, की तो विद्यार्थी प्रत्यक्षात कामगार किंवा घरातला कर्ता माणूस झालेला असतो, फक्त त्याचे नाव पटावर असते.

या मुलांमध्ये आधी दिसणारी लक्षणेही निराळी असतात. पहिला तास चुकतो, कारण सकाळचे काम आटोपून यावे लागते. गृहपाठ मधल्या सुट्टीत घाईघाईने उरकला जातो. दुपारच्या तासाला डोळे मिटतात आणि त्याबद्दल बोलणी बसतात. आळशीपणाचा आरोप इतक्यांदा कानावर येतो, की मूल तो स्वतःही खरा मानू लागते. दिवसाला सोळा तास राबणारी मुलगी मला म्हणते, “बाई, मी लहानपणापासूनच आळशी आहे,” तेव्हा काय उत्तर द्यावे? अशा विद्यार्थ्याच्या हाती आत्मपरीक्षणाचा कागद देताना त्यावर ‘झोप किती तास झाली’ आणि ‘घरासाठी किती तास काम केले’ हे दोन रकाने असलेच पाहिजेत. ते भरले, की दोष अभ्यासात आहे का दिवसाच्या चोवीस तासांत, हे त्याचे त्यालाच दिसते. आणि मग शाळेकडे मागायचे काय, तेही स्पष्ट होते: सहानुभूती नव्हे, पहिल्या तासाऐवजी दुसऱ्या वेळेची सोय.


आकडेमोड

रात्रपाळी यांच्या ‘पहिला तास चुकतो’ या निरीक्षणाला एक पुरवणी जोडतो. दिवसभराच्या हजेरीत असा विद्यार्थी पूर्ण हजर दिसतो. नेदरलँड्समध्ये विनापरवानगी गैरहजेरी तासांत मोजली जाते, आणि सलग चार आठवड्यांत १६ तास बुडाले, की शाळेला ते अधिकाऱ्यांना कळवावेच लागते. कायद्याचा बडगा मला फारसा प्रिय नाही, पण तासांत मोजण्याची पद्धत शिकण्यासारखी आहे. कॅलेंडरावर दिवसासाठी एक मोठी आणि तासासाठी एक छोटी, अशा दोन प्रकारच्या खुणा ठेवाव्यात.

एक धोक्याची सूचनाही देऊन ठेवतो. हा कागद शिक्षकांनी गोळा केला, तपासला आणि सही करून परत दिला, तर तिसऱ्या आठवड्यापासून त्यावर काल्पनिक मजकूर येऊ लागेल. ज्या नोंदीवरून शिक्षा किंवा शाबासकी मिळू शकते, ती नोंद प्रामाणिक राहत नाही. कागद विद्यार्थ्याच्या ताब्यातच राहावा. दाखवायचा की नाही, हे त्यानेच ठरवावे.


शेवटचा_बाक

सहमत. दाखवायचे ठरवले तरी तोंड उघडताना शब्द सापडत नाहीत, ही खरी अडचण असते. ‘मदत मागा’ असे सगळे सांगतात, पण मदत मागण्याचे वाक्य कोणी शिकवत नाही. मोठ्यांसमोर उभे राहिल्यावर मुलाच्या तोंडून एकतर ‘काही नाही’ निघते, नाहीतर ‘मला शाळेतच यायचं नाही’ असे टोकाचे काहीतरी निघते, आणि मग समोरचा माणूस त्या टोकालाच उत्तर देऊ लागतो.

म्हणून कागदाच्या तळाशी दोन-तीन तयार वाक्ये छापावीत असे सुचवतो. उदाहरणार्थ: ‘मला शाळेत यायचे आहे, पण गणितात मी कुठून मागे पडलो ते मला सापडत नाही.’ किंवा ‘मी बरेच दिवस आलेलो नाही, परत येताना वर्गासमोर मला काही विचारू नका.’ दुसरे वाक्य मी नववीत म्हटले असते की नाही, कोण जाणे. पण ते छापलेले असते, तर कागद पुढे करता आला असता. बोलण्यापेक्षा कागद पुढे करणे सोपे असते.


उंबरठा

चर्चा वाचून माझा विरोध बराच मवाळ झाला आहे, तरी एक अट कायम ठेवतो. विद्यार्थ्याकडून कागद भरून घेणाऱ्या प्रत्येक शाळेने आपल्या बाजूचाही एक कागद लावावा. दीर्घ गैरहजेरीनंतर परतलेल्या विद्यार्थ्याचे स्वागत कोण करील, बुडालेल्या धड्यांच्या नोंदी त्याला कोण देईल, आणि पहिल्या आठवड्यात त्याला फळ्यासमोर उभे करणार नाही, हे त्यावर लिहिलेले असावे. शेवटचा_बाक यांनी सांगितलेला दारातला प्रश्न विचारायचा नाही, असा नियम करायला खर्च लागत नाही.

शाळा बदलण्याच्या वर्षांकडेही लक्ष वेधतो. एका शाळेतून दुसऱ्या शाळेत, किंवा खालच्या विभागातून वरच्या विभागात जाताना मुलाला ओळखणारी सगळी माणसे एकदम मागे राहतात. ‘मी आलो नाही तर कोणाच्या लक्षात येईल’ या प्रश्नाचे उत्तर त्या वर्षी बहुतेकांचे ‘कोणाच्याच नाही’ असेच असते, अगदी हुशार मुलांचेही. तेव्हा या उत्तराचा अर्थ नव्या शाळेत पहिल्या दोन महिन्यांत वेगळा आणि तिसऱ्या वर्षी वेगळा, हे मुलांना समजावून सांगायला हवे. नाहीतर नवखेपणालाच ती धोका समजतील.


फळा_खडू

सर्वांचे आभार. वरच्या सूचना धरून मी पहिला मसुदा तयार केला आहे. एका बाजूला वर्षाचे कॅलेंडर, मोठ्या आणि छोट्या खुणांसह. दुसऱ्या बाजूला दर पंधरवड्याला स्वतःला विचारायचे प्रश्न असे:

या पंधरवड्यात कोणता तास किंवा दिवसातली कोणती वेळ टाळावीशी वाटली? ती मागच्या पंधरवड्यातही तीच होती का?

कोणत्या विषयात नेमके काय समजले नाही, हे मला एका वाक्यात सांगता येते का?

झोप रोज साधारण किती तास झाली, आणि घरासाठी किंवा कमाईसाठी किती तास गेले? हे काम तात्पुरते असेल तर ते कधी संपणार आहे?

मी दोन दिवस आलो नाही, तर शाळेत कोणत्या शिक्षकांच्या लक्षात येईल?

त्याखाली शेवटचा_बाक यांची वाक्ये, आणि त्याखाली शाळेचे लेखी आश्वासन, मुख्याध्यापकांच्या सहीसह. गुणांकन नाही, बेरीज नाही, ‘इतकी उत्तरे अशी आली तर तुम्ही धोक्यात आहात’ असा तक्ता नाही. दोन पंधरवडे एकच उत्तर येत राहिले तर त्याविषयी कोणाशी तरी बोलावे, एवढीच सूचना आहे.


आकडेमोड

मसुदा चांगला उतरला आहे. वाटप मात्र पहिल्या चाचणीनंतर करू नका, वर्ष सुरू होताच करा. बॉल्टिमोरमधील एका अभ्यासात पहिल्याच महिन्यात दोन ते चार दिवस बुडवलेल्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे निम्मे जण पुढे वर्षभरात महिनाभर किंवा त्याहून अधिक गैरहजर राहिल्याचे आढळले होते. चाचणीचे गुण लागेपर्यंत कॅलेंडरावरच्या पहिल्या खुणा होऊन गेलेल्या असतात.


शेवटचा_बाक

एकच दुरुस्ती. चौथ्या प्रश्नात ‘कोणत्या शिक्षकांच्या’ ऐवजी ‘कोणाच्या’ एवढेच लिहा. माझी चौकशी करायला घरी आलेला एकमेव माणूस शाळेच्या ग्रंथालयात पुस्तके देणारा कर्मचारी होता, आणि बाहेरून परीक्षा देता येते, हे मला त्यांच्याकडूनच कळले.


फळा_खडू

दुरुस्ती केली. शाळेच्या आश्वासनातही ‘वर्गशिक्षक’ या शब्दापुढे ‘किंवा विद्यार्थ्याने निवडलेली शाळेतील कोणतीही व्यक्ती’ असे जोडले आहे. त्यामुळे शिपाई, ग्रंथपाल आणि प्रयोगशाळेतले सहायक यांनाही कागद समजावून सांगावा लागेल. त्यांच्यासाठी वेगळी बैठक ठेवतो.